साहेब येण्याआधीची साफसफाई

त्यांचं खरं नाव निवृत्तीच्या कागदांवर होतं आणि ते तिथून कधी बाहेर आलंच नाही. अख्खी गल्ली त्यांना चकाचक काका म्हणायची, आणि हे नाव कोणी उगाच ठेवलं नव्हतं. हा गृहस्थ दवाखान्यात गेला तर नंबर लागेपर्यंत दाराची मूठ पुसून काढायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर चहा झाल्यावर चमचा शर्टाच्या टोकाला घासून, उजेडात धरून, मगच बशीत ठेवायचा. यजमानीणबाईंना वाटायचं, आमचा चमचा घाण होता की काय! एकदा तर रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या सायकलचं हँडल ते पुसत बसले आणि सायकलवाल्याने चोर समजून बोंब ठोकली. काका शांतपणे म्हणाले, "चोर नाही हो. हँडल आमच्या कारखान्यातलं आहे. बघा, अजून तोंड दिसतं त्यात." सायकलवाल्याने वाकून बघितलं. दिसत होतं खरं.

हा कारखाना मुलामा देण्याचा. नळ, कड्या, सायकलची हँडलं, शर्यतीत द्यायचे कप, असलं सगळं तिथे काळवंडलेलं यायचं आणि लखलखीत होऊन जायचं. काका एकोणिसाव्या वर्षी तिथे लागले आणि पॉलिशच्या चाकापुढे छत्तीस वर्षं उभे राहिले. कामाला एकदम चोख. पण मालकाचा त्यांच्यावर जीव होता तो पॉलिशमुळे नव्हे, तपासणीमुळे.

त्याचं असं व्हायचं. वर्षातून दोनदा सरकारी तपासणीवाले यायचे. आदल्या दिवशी मालकांना कुठून तरी कुणकुण लागायची, आणि ते दारात येऊन एवढंच म्हणायचे, "उद्या साहेब येणार." बस्स! काका चाक बंद करून झाडू उचलायचे. ओल आली असेल तिथे खडी, डाग पडले असतील तिथे माती, मातीभोवती चुन्याची रेघ आणि वर फुलांच्या कुंड्या. साहेब यायचे, कुंड्या बघायचे, चहा घ्यायचे, "वा, छान ठेवलंय आवार" म्हणायचे आणि सही करून जायचे. छत्तीस वर्षांत बहात्तर तपासण्या झाल्या आणि एकदाही वाईट शेरा आला नाही. काकांना त्याचा कोण अभिमान!

कुंड्यांच्या खाली काय आहे, हे मात्र त्या बहात्तर वेळांत एकाही साहेबाने विचारलं नाही. खाली होतं मुलाम्याच्या टाक्यांमधलं वापरून झालेलं पिवळं पाणी. दर शनिवारी टाक्या रिकाम्या करायच्या, बादल्या मागच्या आवारात न्यायच्या आणि खड्ड्यात ओतायच्या. हे विश्वासातल्या माणसाचं काम, म्हणून तेही काकांकडेच. सुरुवातीला त्यांनी एकदा विचारलं होतं, "मालक, हे जातं कुठे?" मालक म्हणाले, "जमीन पिऊन टाकते." आणि एक खड्डा प्यायचा थांबला की ते शेजारी दुसरा खणायला लावायचे.

पुढे कारखाना बंद पडला. मालक वारले. यंत्रं भंगारात गेली. काका आणि काकू फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राखणदार म्हणून राहिले. कारखान्याचं जुनं उपाहारगृह तेवढं धडधाकट होतं; तिथे त्यांच्या मुलीने बालवाडी काढली. तिला घरात ताई म्हणत आणि बालवाडीतली चौतीस पोरं बाई म्हणत. काकांनी त्या खोलीची फरशी स्वतः घासून दिली आणि पुढे रोज सकाळी, पोरं यायच्या आत, ती पुसून द्यायचा नेम धरला. सुट्टीच्या दिवशीसुद्धा खंड नाही. बायका कौतुकाने म्हणायच्या, बाप असावा तर असा.

ताई मात्र बापाच्या अगदी उलट. तिला चकचकीत काही दिसलं की आधी शंकाच यायची. मागच्या आवारात ठिकठिकाणी गवत उगवत नाही, डबकं साचलं की पाणी पिवळं होतं आणि तिथे खेळून आलेल्या पोरांच्या गुडघ्यांवर चट्टे उठतात, हे तिने पहिल्याच वर्षी हेरलं. तिने आवाराला दोरी बांधली, पोरांना पलीकडे जायची बंदी केली आणि अर्ज लिहायला बसली. सरकारची एक योजना होती. जुन्या कारखान्याने जमीन नासवलेली आहे आणि जाब विचारायला मालकच उरलेला नाही, अशा ठिकाणी सरकार आपल्या खर्चाने तपासणी करणार आणि नासलेली माती काढून नेणार. अट एकच. पहिल्या फेरीत हातभर खोलीपर्यंतच्या मातीत विष सापडलं पाहिजे. सापडलं तर पुढचं सगळं होणार, नाही तर फाईल बंद.

तीन वर्षांत ताईने एक्केचाळीस पत्रं लिहिली. ती पोस्टात टाकायचं काम काकांचं. पत्रात काय आहे हे त्यांना ठाऊक, खड्डे कुठे आहेत हेही ठाऊक. पण माणूस पत्रपेटीचं कुलूप घासून परत यायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. आता बोलू, उद्या बोलू, असं करता करता तीन वर्षं गेली.

शेवटी एकदाची तारीख मिळाली. ताईला त्याच वेळी नेमकं दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं आणि ते चुकवायची सोय नव्हती. जाताना तिने बापाला समोर बसवून बजावलं, "बाबा, उद्या माती तपासायला साहेब येणार. तुम्ही फक्त फाटक उघडा आणि मागचं आवार दाखवा. बाकी काही म्हणजे काहीच करू नका. कळलं ना?"

"कळलं गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" काका म्हणाले.

डोंबल कळलं! 'उद्या साहेब येणार' हे तीन शब्द कानात पडले आणि पुढचं सगळं वाऱ्यावर गेलं. ताईची बस वळणापलीकडे जाते न जाते तोच काकांच्या हातात झाडू आला. मागच्या आवारात जाऊन बघतात तर जागोजाग हिरवे-पिवळे डाग, उजाड, बघवेना. साहेबांनी हे बघायचं? पोरीने एवढी पत्रं लिहून बोलावलेले साहेब! काकांनी हातगाडी काढली आणि पलीकडच्या रोपवाटिकेतून शेणखत घातलेली काळी माती आणली. एक नाही, दोन नाही, अकरा गाड्या! प्रत्येक खचलेल्या डागावर दीड हात थर टाकला, पाणी मारलं, धोपटून सपाट केला. भोवती चुन्याची रेघ ओढली. कुंड्या मांडल्या. पाठ अशी धरली की सरळ उभं राहता येईना.

काकू दारातून हे सगळं बघत होत्या. "अहो, हे काय आरंभलंय?"

"साहेब यायचेत उद्या."

"मग?"

"मग काय? पोरीची मान खाली जायला नको."

काकूंना वाटलं, म्हाताऱ्याला बागेचा नाद लागला. लागू दे, तेवढीच माझ्या डब्यांची घासाघास थांबेल, म्हणून त्या आत गेल्या. आता खरं सांगायचं तर काकांच्या डोक्यात त्या वेळी नुसती साहेबांचीच सरबराई होती का? नव्हती. डाग दिसले की 'हे केलं कोणी' असा प्रश्न निघणार, हेही त्या डोक्यात कुठेतरी बसलेलं होतंच. पण फावडं हातात असलं की माणसाला तेवढा विचार टाळता येतो.

दुसऱ्या दिवशी मातीवाले साहेब आले. तिशीतला, सडपातळ, चष्मा लावलेला माणूस, बुटांवर वाळलेला चिखल. ते बूट बघून काकांचे हात शिवशिवले. बरोबर जमिनीत भोक पाडायचं यंत्र आणि ते चालवणारा एक जाडजूड यंत्रवाला. साहेबांनी ताईने पाठवलेला फोटो काढला, समोर बघितलं, परत फोटो बघितला. "काका, जागा हीच ना? यात तर नुसतं उजाड दिसतंय."

"त्या फोनवर फोटो वाईटच येतात हो," काका म्हणाले.

साहेबांनी बारा ठिकाणी हातभर खोल माती काढली आणि बाटल्यांत भरली. यंत्रवाला म्हणाला, "लोण्यासारखी माती आहे, यंत्राला कष्टच नाहीत." काकांनी चहा दिला, बिस्किटं दिली. जाताना साहेब सहज बोलून गेले, "आवार छान ठेवलंय." झालं! काकांच्या हिशेबात ही त्र्याहत्तरावी.

संध्याकाळी ताई आली. कुंड्या आणि चुना ही बापाची हौस तिला ठाऊकच होती; दोरीपाशी उभं राहून तिने एवढंच विचारलं, "बाबा, माती नवी दिसतेय?"

"तपासणीवाल्यांनी उकरली ना," काका म्हणाले. लेकीशी ते इतकं सरळ खोटं पहिल्यांदाच बोलले, आणि त्यांना वाटलं होतं त्याहून ते सोपं गेलं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. ताईने पाकीट उभ्या उभ्या फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. बाराही ठिकाणी विषारी द्रव्यं आढळली नाहीत. माती उत्तम प्रतीची असून भाजीपाल्यास विशेष अनुकूल. शेणखताचं प्रमाण किंचित जास्त. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी, अन्यथा आठव्या दिवशी अधिकारी स्वतः येऊन फाईल बंद करतील, आवाराची दोरी काढतील आणि जागा मुलांना खेळण्यासाठी खुली करतील.

"शेणखत?" ताई म्हणाली. "आपल्या मागच्या आवारात?" आणि ती पोरांच्या वीतभर उंचीच्या खुर्चीवर मटकन बसली.

 पास झालो की सगळं छान असतं, असंच आजवर काकांना ठाऊक होतं. पास झाल्यावर माणसं रडतात हे ते पहिल्यांदा बघत होते. ताईने हरकतीचा अर्ज केला. उत्तर आलं, नवीन पुरावा द्या. तिने पालकांना घरी जाऊन सांगितलं, तर पालक म्हणाले, "बाई, सरकारनेच सांगितलंय ना चांगली आहे म्हणून? पोरं खोलीत कोंडून कंटाळली हो." एक जण तर म्हणाला, भाजी लावू या. ताईची झोप उडाली. आठव्या दिवसापासून चौतीस पोरं त्या मातीत लोळणार, आणि वर टाकलेली दीड हात माती पोरं खेळून खेळून किती दिवसांत उकरतील, याचा हिशेब काढायला काकांना शाळेत जायची गरज नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी काका काकूंचा पितळी डबा घासत बसले होते. डबा आधीच इतका लख्ख होता की काकूंना त्यात नवऱ्याचं पडलेलं तोंड दिसलं. त्यांनी डबा हातातून काढून घेतला. "त्या अकरा गाड्या कशासाठी होत्या, ते मला आता कळलंय. तुम्ही तिला सांगताय की मी सांगू?"

"अगं, पण मग ते पाणी कोणी ओतलं तेही सांगावं लागेल. मला आत टाकतील!"

"टाकू देत. तिथल्या गजांना पॉलिश करा."

आठव्या दिवशी सकाळी दहा वाजता मातीवाले साहेब यंत्रवाल्याला घेऊन आले. काकूंनी पोरांना पुढच्या अंगणात गाणी म्हणायला बसवलं होतं. ताई दोरीपाशी हाताची घडी घालून उभी होती; दोरी सोडायला ती हात लावणार नव्हती. साहेबांनी गाठ सोडायला घेतली एवढ्यात काका आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले आणि हातात एक फुगलेली पिशवी.

"बाबा, कुठे निघालात?" ताईने विचारलं.

"आत," काका म्हणाले.

"कशाच्या आत?"

काकांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि घसा खाकरला. आणि मग धरण फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. अकरा गाड्या, चुन्याची रेघ, बहात्तर तपासण्या, दर शनिवारच्या बादल्या. "साहेब, ओतणारा मीच. झाकणाराही मीच. पिशवीत टॉवेल आहे, साबण आहे, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत महिनाभराच्या. ही दोरी तेवढी सोडू नका."

 अंगणातून पोरांचं गाणं तेवढं ऐकू येत होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काका, तुम्ही तिथे नोकर होता ना?"

"छत्तीस वर्षं."

"मग तुम्हाला कोण आत टाकतोय? जिथे जाब विचारायला कोणी उरलं नाही, त्याच जमिनीसाठी तर ही योजना आहे. असा माहीतगार माणूस मिळावा म्हणून आम्ही जाहिराती देतो हो, आणि कोणी पुढे येत नाही!"

काकांचा जीव भांड्यात पडला, पण जरा हिरमुसलेही. रात्रभर खपून पिशवी भरली होती. ताईकडे बघायची मात्र त्यांची छाती होईना, म्हणून ते यंत्रवाल्याला म्हणाले, "चला, दाखवतो."

भिंतीपासून त्यांनी पावलं मोजली आणि एका जागी टाच रोवली. यंत्र घरघरायला लागलं. आधी ती लोण्यासारखी काळी माती वर आली. दीड हात खाली गेल्यावर यंत्राचा आवाज बदलला आणि नळीतून हिरवा-पिवळा चिकट लगदा बाहेर पडला. असा वास सुटला की यंत्रवाल्याने नाकाला रुमाल लावला. साहेब मात्र लहान मुलासारखे गुडघ्यांवर बसले. "अहाहा! काय नासलीय! अहो, एवढी दूषित माती मी नोकरीत पाहिली नाही! शाब्बास काका!"

आयुष्यभर लखलखाटासाठी शाब्बासकी घेतलेल्या माणसाला आज घाणीसाठी शाब्बासकी मिळत होती. ती कुठे ठेवावी हे काकांना कळेना. यंत्रवाल्याने तर त्यांचा हात हातात घेऊन हलवला. साहेबांनी जागच्या जागी फाईलवर लिहिलं, अर्ज पुन्हा उघडला, खोल तपासणी मंजूर. मग काकांच्या हातात काटक्यांना लावलेल्या लाल झेंड्यांचा जुडगा दिला. "जिथे जिथे ओतलं, तिथे तिथे एकेक रोवा. एकही सोडू नका."

काका निघाले. मागोमाग ताई.  पहिला झेंडा, दुसरा, तिसरा. काका थांबले की ती एवढंच विचारायची, "अजून?"

"पाण्याच्या टाकीमागे."

"अजून?"

"हा इथे. हा शेवटच्या वर्षातला."

आठ झेंडे झाले. आवार लाल ठिपक्यांनी भरलं. काकांच्या हातात एकच झेंडा उरला.

"अजून?" ताईने विचारलं.

काका झेंड्याची काटकी बोटांत फिरवत राहिले. साहेब पलीकडे बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते. एवढ्यावर थांबलं असतं तर कोणाला कधी कळलं नसतं. आठ झेंडे काही कमी नव्हते. काका वळले, मागच्या दाराने बालवाडीच्या खोलीत शिरले आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तिथे लहानग्यांच्या चटया घातलेल्या होत्या. दुपारी सगळ्यात छोटी पोरं तिथे झोपायची.

"सगळ्यात पहिला खड्डा," ते म्हणाले. "उपाहारगृह वाढवलं तेव्हा यावरच फरशी घातली."

ताई दारातच थबकली. "मी इथे बालवाडी काढली तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही रोज येऊन फरशी पुसत होतात."

"रोज पुसत होतो," काका म्हणाले.  "वाटायचं, वरून पुसत राहिलो तर... मला दुसरं काही येतच नव्हतं गं, ताई. लाज वाटत होती. तुझी भीती वाटत होती, सरकारची नाही."

 ताईने डोळे पुसले, वाकून चटईचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे मानेने खूण केली. बापलेकींनी मिळून एकेक चटई गुंडाळली आणि बाहेर अंगणात नेऊन ठेवली. पोरं गाणं थांबवून बघायला लागली. कोपरा रिकामा झाला. फरशी आरशासारखी चमकत होती.

"लावा झेंडा, बाबा," ताई म्हणाली आणि साहेबांना बोलवायला गेली.

काकांनी काटकी फरशीवर टेकवली. फरशीत झेंडा कसला रोवला जातो! म्हणून यंत्र आत येईपर्यंत ते तो हातात धरून तिथेच उभे राहिले.